जामीन झाला, आता जामीनदार आणा

वकिलीचे पहिले धडे मी जॉब टायपिंगच्या टपरीवर घेतले. बारावीनंतर मराठी तीस, इंग्रजी चाळीसची सरकारी परीक्षा पास झाले आणि सोलापूर कोर्टाबाहेर मशीनवर बसले. वडील टेरी टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते (आमच्या पूर्व भागात चार मागांच्या शेडलाही कारखानाच म्हणतात), आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, कोर्टात मराठी. ‘अर्जदार हा सदर ठिकाणचा कायमचा रहिवासी असून फरार होण्याची शक्यता नाही’ हे वाक्य माझ्या बोटांना अजून पाठ आहे.

टपरीवर एक गोष्ट सारखी दिसायची. आदल्या दिवशी ‘जामीन झाला हो’ म्हणून चहा पाजून गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत यायची. आता अर्ज कशाचा, तर जामिनाची रक्कम कमी करून मिळावी याचा. जामीन होऊनही माणूस आतच का, हे मला कळेना. ते कळायला दयानंद लॉ कॉलेजात जावं लागलं. ते पटलं मात्र अजून नाही.

लोक मला वेगळंच विचारतात. लग्नात, हळदी-कुंकवाला, गड्ड्याच्या जत्रेत भेळ खाताना. ‘चोरांना सोडवताना मनाला लागत नाही का?’ माझ्याकडे येणाऱ्यांवर फक्त आरोप असतो. तो सिद्ध करायचं काम सरकारी वकिलांचं, आणि तो सिद्ध होतो की नाही हे तपासायचं काम माझं. यावर यापेक्षा जास्त बोलायला मला कंटाळा येतो.

त्यापेक्षा एका प्रकरणाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

कारखान्यातून सुताचे कोन गेले. मालकाने कामगारावर फिर्याद दिली. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. पण सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी हजर राहायची नोटीस द्यायची, गरज असेल तरच अटक आणि तीही कारणं लिहून, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती नोटीस कलम ३५ मध्ये आहे. याला नोटीस आली नाही, गाडी आली. त्याची बायको माझ्याकडे आली ती विडीच्या कार्डासकट, घरातली सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशवीत भरून. म्हणाली, ‘अक्का, यातलं काय लागेल ते तुम्हीच बघा.’

जामीन लवकर झाला. आदेश नेहमीचा: १५,००० रुपयांचा जातमुचलका (म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.

सक्षम म्हणजे ज्याच्याकडे दाखवायला काही आहे असा. सातबारा, नाहीतर पगाराची स्लिप, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतदारीचा दाखला. भाड्याच्या खोलीत राहून आठवड्याला पगार घेणाऱ्या माणसाच्या ओळखीत असं कोण असतं? मित्रही मागावरच, त्यांच्याही खोल्या भाड्याच्या. जमीन होती ती मेव्हण्याची, इंडी तालुक्यात. म्हणजे कर्नाटकात, आणि उतारा कन्नडमधला. जिल्ह्यातल्या ज्या कोर्टात प्रकरण होतं, तिथे खिडकीतूनच उत्तर आलं, ‘लोकल माणूस आणा.’

अशा वेळी कोणी ना कोणी ‘तयार जामीनदार’ सुचवतोच. पैसे द्या, माणूस आणि सातबारा दोन्ही हजर. तो सातबारा बनावट निघाला की कुटुंबावर दुसरा गुन्हा. माझ्या पक्षकारांना मी हे पहिल्या भेटीतच बजावते, कारण घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं.

मी अर्ज केला आणि सोबत मोतीरामचा निकाल जोडला. १९७८ चा आहे. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. त्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता, पण खालच्या कोर्टाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांनी १,००० रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं आणि परजिल्ह्याची सबब खोडून काढली. सोलापुरात तर हा निकाल प्रत्येक फौजदारी वकिलाच्या बॅगेत हवा. निम्म्या शहराचे पाहुणे हद्दीच्या पलीकडे आहेत.

साहेबांनी अर्ज नीट वाचला. मेव्हण्याची कागदं तपासून होईपर्यंत तात्पुरता रोख जामीन मंजूर केला. बायकोने भिशी उचलली. रिलीज ऑर्डर वेळेत तुरुंगात पोचली नाही तर आणखी एक रात्र आत, म्हणून मी माझ्या ज्युनिअरला स्कूटीवर पिटाळलं.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला कोणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी या प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अटी सैल करता येतात का ते बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं आहे. तुरुंगाच्या गेटवर ताटकळणाऱ्या बायकांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे तारखेसकट लिहिलं. जामीनपात्र गुन्हा असेल तर आणखी सोपं: अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही, एवढ्यावरूनच माणूस गरीब आहे असं धरून त्याला जामीनदाराशिवाय सोडता येतं.

तो कामगार आता दुसऱ्या कारखान्यात लागलाय. तारखेला येतो, बुडालेल्या पगाराचं सांगतो आणि निघून जातो. दोषारोपपत्र आलंय, मालकाची साक्ष व्हायची आहे. गोदामाच्या किल्लीबद्दल मला मालकांना बरंच विचारायचंय, पण ते इथे लिहीत नाही. समोरचेही वाचतात.