काचकामाचा पट्टा : सहा आठवड्यांनंतरची मांडणी

खिडक्यांच्या काचा पुसायची अवजारं अडकवायचा पट्टा कमरेला बांधायला लागून सहा आठवडे झाले. या काळात मांडणी चार वेळा मोडून पुन्हा केली. आताची गेले दहा दिवस हललेली नाही, म्हणून सगळं लिहून ठेवते. नव्याने पट्टा लावणाऱ्यांचे निदान दोन आठवडे वाचावेत.

पट्टा साधा, दोन इंच रुंद, नायलॉनचा आणि झटकन सुटणाऱ्या बक्कलाचा. आधी चामड्याचा वापरून बघितला. दिसायला देखणा होता, पण रोज भिजून रोज वाळला की चामडं कडक होतं आणि त्यात अडकवलेले पाऊच जागचे हलत नाहीत. मांडणी अजून ठरायची असताना पाऊच सहज सरकणं फार गरजेचं असतं. नायलॉन रात्रीत वाळतो, हे आणखी एक. रुंदी मात्र कमी करू नका, अरुंद पट्टा ओल्या सामानाच्या वजनाने खुब्यावर काचतो.

पहिली मांडणी अगदी सरळ विचाराने केली होती. मी उजव्या हाताची, म्हणून सगळं उजवीकडे: पाण्याचं पाऊच, त्यात लोकरी स्लीव्हचा वॉशर, म्हणजे काच भिजवायचा दांडा, शेजारी स्क्वीजी, म्हणजे काचेवरचं पाणी ओढून काढणारं रबरी पात्याचं अवजार, त्यामागे फडकी. अर्ध्या तासात फडकी दमट झाली. स्क्वीजीने काच ओढल्यावर कडेला पाण्याची बारीक रेघ उरते, ती कोरड्या फडक्याने टिपायची असते. फडकं दमट असलं तर ती रेघ टिपली न जाता पसरते, आणि काच वाळल्यावर काठाने धुरकट पट्टी दिसते. दोन दिवस मी साबणाचं प्रमाण बदलत बसले होते. दोष साबणात नव्हताच, फडकी वॉशरला चिकटून लटकत होती.

तेव्हापासून एक नियम पक्का केला: ओलं डावीकडे, कोरडं उजवीकडे. डाव्या खुब्यावर पाण्याचं पाऊच आणि वॉशर. उजव्या खुब्यावर स्क्वीजी, आणि तिच्या मागे फडकी.

नियम कागदावर सोपा, पण त्याने हातांची सगळी घडी बदलली. वॉशर डावीकडे ठेवून उजव्या हाताने काढायचा तर हात पोटावरून आडवा जातो, पाणी पँटवर आणि बुटांवर ठिबकतं, शिवाय स्क्वीजी उचलायच्या आधी वॉशर परत आडवा नेऊन ठेवावा लागतो. म्हणून डाव्या हाताने भिजवायला शिकले. याला पुरते दोन आठवडे लागले आणि माझ्या मते या सहा आठवड्यांतला सगळ्यात सार्थकी लागलेला वेळ तोच. सुरुवातीला वरचे कोपरे सुटायचे, कारण डाव्या मनगटाला तो वळणाचा दाब येत नव्हता. मग रोज फक्त एक तावदान घेऊन, स्क्वीजी हातात न धरता, नुसतं भिजवत राहिले: आधी चौकटीलगत चारी बाजू, मग मधलं. आता डावा हात भिजवून खाली उतरतो तोवर उजव्या हातात स्क्वीजी आलेली असते. काच वाळायला वेळच मिळत नाही. ऊन पडलेल्या काचेवर याचा फरक लगेच दिसतो.

पाण्याबद्दल. पाऊच भरून घ्यायचा मोह आवरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि तो एक किलो एकाच खुब्यावर दिवसभर लोंबतो. तिसऱ्या आठवड्यात माझी कंबर डावीकडून दुखायला लागली ती यानेच. आता तीन बोटं पाणी ठेवते आणि खालच्या बादलीतून दर काही तावदानांनी भरून घेते. वॉशर नीट भिजलेला असला की तेवढं पुरतं. पाऊचची जागाही महत्त्वाची. बरोबर बाजूला लावलं तर पायरी चढताना मांडी त्यावर आपटते, म्हणून पँटच्या शिवणीच्या जरा मागे सरकवलं. आणि ते पट्ट्याला घट्ट आवळू नका. एकाच लूपवर झुलतं राहिलं तर वाकलं तरी पाऊच सरळ राहतं आणि पाणी सांडत नाही.

स्क्वीजी उजवीकडे, मूठ लूपमध्ये खाली आणि चॅनेल, म्हणजे रबर धरणारी पट्टी, वर आडवा. रबराची धार बाहेरच्या बाजूला, म्हणजे कपड्यावर घासत नाही. आधी 18 इंची चॅनेल लावला होता, तो दारातून जाताना चौकटीला अडायचा आणि कोपराला लागायचा. पट्ट्यावर आता 14 इंची राहतो आणि मोठा बादलीत. एवढं हलकं अवजार कमरेला लटकवता येतं, याचं श्रेय एत्तोरे स्टेकोने यांना. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये खिडक्या पुसणाऱ्या या इटालियन माणसाने 1936 साली एकाच रबरी पात्याची हलकी पितळी स्क्वीजी बनवली. त्याआधीच्या अवजड अवजारात दोन रबरं असायची आणि ती बदलायला 12 स्क्रू सोडवावे लागायचे. आपल्या हातातली स्क्वीजी मुळात त्याच घडणीची आहे. रबर बदलताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

आता स्क्रेपर, म्हणजे काचेला चिकटलेलं खरवडायचं धारदार पातं, ज्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. तो मी स्क्वीजीच्या शेजारी लावला होता, कारण दोन्ही उजव्या हाताची अवजारं. चौथ्या आठवड्यात प्रत्येक ओढीत एक बारीक पाण्याची रेघ उमटायला लागली, कायम त्याच जागी. काच पुन्हा धुतली, पाणी बदललं, कोन बदलला. शेवटी रबराच्या धारेवरून नख फिरवलं तर एक बारीकशी खाच लागली. स्क्रेपरचं झाकण सैल होऊन पातं रबराला टेकत होतं. रबर उलटवून दुसरी धार वापरली आणि रेघ गेली. तेव्हापासून ओढीत रेघ आली की आधी नख फिरवते, बाकी सगळं नंतर.

पण स्क्रेपर नुसता दूर नेऊन थांबले नाही, तो मुद्दाम अवघड जागी ठेवला: डावीकडे मागे, पाण्याच्या पाऊचच्याही पलीकडे, बटणाच्या झाकणाखाली. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेवर कधी कधी भट्टीतच चिकटलेले काचेचे बारीक कण असतात, ते पात्याखाली सापडले की ओरखडा कायमचा. म्हणून स्क्रेपर फक्त ओल्या काचेवर, आधी कोपऱ्यात जपून आणि नेहमी पुढे ढकलतच. मागे येताना उचलायचा, नाहीतर पात्याखाली अडकलेला कण आपणच ओढत आणतो. टफन काचेवर ठिपका दिसला की हात सवयीने पात्याकडे जाऊ नये, वाटेत त्याला थांबावं लागावं, एवढ्यासाठी ते बटण. पट्ट्यावर काय पटकन मिळावं याचा विचार सगळेच करतात, काय पटकन मिळू नये हेही तितक्याच काळजीने ठरवा.

फडकी दोन: काठासाठी मायक्रोफायबर, चौकट आणि खालच्या कठड्यासाठी सुती. मायक्रोफायबरची चौघडी केली की आठ कोरड्या बाजू मिळतात, एक दमटली की उलटवायची. धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याचा थर फडक्यातून काचेवर येतो.

जादा रबर गुंडाळून खिशात ठेवू नका, वळलेलं रबर नीट सरळ होत नाही. मी प्लॅस्टिकच्या बारीक पाइपचा तुकडा कापून त्यात सरळ ठेवलंय, पण तो पट्ट्यावर नको, बादलीजवळ बरा.

पोटासमोर पट्टा पूर्ण रिकामा. शिडीवर आपण आणि शिडी यांच्यामध्ये काहीही नसावं. मी दोन पायऱ्यांच्या वर जात नाही. जे जातात त्यांना एवढंच सांगते की हा पट्टा सामानाचा आहे, तो पडताना धरणार नाही. हार्नेस वेगळा घाला आणि प्रत्येक अवजाराला दोरी बांधा.

आज 16 तावदानं केली आणि अवजार काढताना एकदाही खाली बघितलं नाही. परत ठेवताना मात्र स्क्वीजीची मूठ लूपचा काठ चुकवते आणि नजर खाली जातेच. लूपचं तोंड थोडं रुंद करून, त्याला आतून ताठ पट्टी शिवून बघणार आहे. पुढचा आठवडा त्यालाच.