पक्की नोकरी असताना संप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नकार्यात, एसटीत, बँकेच्या रांगेत हाच प्रश्न येतो: तुमची तर पक्की सरकारी नोकरी, मग तुम्ही संपात कशाला उतरता?

28 आणि 29 मार्च 2022 च्या देशव्यापी संपात मी होतो. श्रमसंहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, आणि खासगीकरण यांविरुद्ध केंद्रीय कामगार संघटनांनी तो पुकारला होता. नवी पेन्शन योजना रद्द करा, हीही मागणी त्यात होती. ऐन मार्चएंड. टेबलावर बिलांचा ढीग, आणि मी पंचायत समितीच्या गेटबाहेर. दोन दिवसांचा पगार जाणार हे माहीत होतं. सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटलंय, हेही माहीत होतं. दुपारी एक आजोबा घरकुलाचे कागद पिशवीत घेऊन आले आणि उन्हातून तसेच परत गेले. त्यांचा राग रास्तच होता.

तरी गेलो, कारण मी आस्थापनेचा लिपिक आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद सांभाळणारा. आमच्याकडचा एक शिपाई 2007 मध्ये लागला, 2016 मध्ये नोकरीत असतानाच वारला. त्याचं सेवापुस्तक माझ्याच कपाटात होतं. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना तेव्हा जुनी, दरमहा ठरलेली पेन्शन नव्हती. नव्या योजनेत पगारातले 10 टक्के कापून साठवायचे आणि पुढे बाजार देईल ते घ्यायचं. त्याची बायको माझ्यासमोर बसली होती, धाकटं पोर मांडीवर. साठलेल्या रकमेचा आकडा सांगितला. तिनं विचारलं, "आणि दर महिन्याला किती येणार, भाऊ?"

काहीच येणार नव्हतं. शेजारच्याच टेबलावर 2004 मध्ये लागलेला शिपाई होता. काम तेच, खाकी तीच. त्याचं काही बरंवाईट झालं असतं, तर त्याच्या घरी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं असतं. हा फरक फक्त नेमणुकीच्या तारखेचा. मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी पुन्हा संपावर गेले. 14 तारखेपासून सात दिवस. जुनी पेन्शन काही मिळाली नाही, पण 31 मार्चला शासन निर्णय निघाला: नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असताना गेला, तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन. आधी गेलेल्यांच्या घरच्यांनाही.

त्या बाईंना मीच फोन करून बोलावून घेतलं. फॉर्म भरताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "दर महिन्याला येणार ना?" या वेळी हो म्हणता आलं.

मी स्वतः अजून त्या नव्या योजनेतच आहे. संघटनेनं परत हाक दिली, तर परत गेटवर असेन.