अंडर रॅप्स, पुन्हा एकदा
आज सुट्टी. माळा आवरताना जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडची 'अंडर रॅप्स' सापडली, १९८४ची. कॅसेटची फीत बाहेर लोंबत होती, पेन्सिल घालून गुंडाळली. प्लेअर आता कुठला असायला, मग मोबाईलवरच लावली.

कॉलेजात आम्ही या अल्बमला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. ढोलकीवाल्याशिवाय तमाशा असतो का? आणि इथे अख्ख्या अल्बमभर ड्रमर नाही, नुसतं ड्रम मशीन! बासरीही पीटर व्हेटेसीच्या सिंथेसायझरपुढे अंग चोरून बसलेली.

आज मात्र कान टवकारले. शीतयुद्ध, हेर, पाळत असल्या विषयांना ते थंड, यांत्रिक टकटक शोभतं की! गायक-बासरीवादक इयान अँडरसनचा आवाज तर काय चढलाय. (त्यानंतरच्या दौऱ्यात त्याचा घसा बसला तो बसलाच.) शीर्षकगीताचं दुसरं, साधं अकूस्टिक रूप लागलं तेव्हा हातातलं फडकं तसंच राहिलं. गाणी चांगलीच होती हो, आम्ही कपड्यांवरून माणूस जोखला.

ड्रम मशीन अजूनही कानात खुपतं, ते सोडत नाही मी. पण दोनदा ऐकला. माळा अर्धाच आवरून झालाय, बायको विचारतेय.