'एस' येईपर्यंत

गेल्या रविवारी फोंड्याच्या एका खाणावळीत ताटाची वाट पाहत बसलो असताना समोरच्या टीव्हीकडे लक्ष गेले. आवाज बंद होता आणि पडद्यावर कसलीशी जाहिरात चालू होती. तळाची पट्टी मात्र शुक्रवारी दुपारी साडेतीनला थांबलेले भाव हिरव्या-तांबड्या बाणांसह इमानेइतबारे सरकवत होती. भाव शिळे, माझ्या नावावर एकही शेअर नाही, तरी नजर तिथून हलेना.

ही खोड घरची आहे. डिचोलीला आमच्या बाबांकडे सेसा गोवा या खाण कंपनीचे थोडे शेअर होते. दुपारी सगळी आळी वामकुक्षीत गुडूप झाली की बाबा पंखा मंद करून टीव्हीपुढे बसत. पट्टी इंग्रजी अक्षरक्रमाने चाले, त्यामुळे 'एस' यायला युग लागे, आणि नेमक्या त्याच क्षणी आई स्वयंपाकघरातून विचारी, "चहा टाकू का हो?" बाबा मान वळवीत, तेवढ्यात सेसा निसटे, आणि पुन्हा 'ए'पासून सुरुवात. शेवटी पहाऱ्यावर मला बसवले गेले: "'आर' आला की हाक मार." या सरकत्या पट्टीला टिकर म्हणतात. 1867 साली अमेरिकेत निघालेल्या तिच्या मूळ यंत्रातून भाव कागदाच्या फितीवर टिकटिक करीत छापले जात, म्हणून ते नाव. निसटलेला भाव त्या फितीवर मागे जाऊन वाचता तरी येई. आमच्या नशिबी ती सोय नव्हती.

घरासमोरून खनिजाचे ट्रकही असेच एकामागोमाग सरकत आणि खिडकीच्या गजांवर तांबडी धूळ बसे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रक थांबले. पट्टी थांबली नाही. त्या दिवसांत बाबा 'आर' दिसताच पाणी प्यायला उठत आणि 'टी' लागल्यावरच परत येऊन बसत. मी हाक मारणे आपोआप सोडले.

पुढे कंपनीचे नाव बदलले, 2015 मध्ये तर ती वेदान्ता होऊन थेट 'व्ही'पाशी गेली. तोवर बाबांनी शेअर विकून टाकले होते.

रविवारी मी 'यू'पर्यंत पोचलो होतो. इतक्यात वाढपी पोरगा ताट घेऊन बरोबर टीव्हीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सोलकढी आणू?" मी हो म्हटले. तो बाजूला झाला, तेव्हा पट्टीवर 'ए' चालू होता.