तेरड्याचा रंग आणि काकांची फाईल

आमचं टूर बुकिंगचं ऑफिस कर्वे रोडला, पहिल्या मजल्यावर. जूनचा शेवटचा आठवडा, बाहेर धो धो पाऊस, आणि अकराच्या सुमारास एक काका-काकू निथळत्या छत्रीसकट आत आले. काकांनी बसायच्या आधी प्लास्टिकची फाईल टेबलावर आपटली. आत आमचंच माहितीपत्रक, डोंगरभर गुलाबी फुलं. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे कुठंय तेवढं दाखवा."

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची जूनच्या पहिल्या आठवड्यातली बॅच, मीच विकलेली.

मी नेहमीची टेप लावली, की काका, हे नॅशनल पार्क उघडतंच १ जूनला आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं, जूनमधे वर बर्फ वितळत असतो, खरा बहर जुलै मधापासून ऑगस्ट मधापर्यंत. काका शांतपणे म्हणाले, "हे मला आत्ता कळतंय. पैसे भरताना का नाही सांगितलंत?"

खरं सांगायचं तर बॅच भरते म्हणून नाही सांगितलं. पंधरा जूनच्या आसपास शाळा उघडतात, त्याआधी जायला गिऱ्हाईक मिळतं, म्हणून जूनच्या तारखेला ऑगस्टचा फोटो. असं सगळेच करतात म्हणा, पण समोर बसलेल्या माणसाला हे कसं सांगणार?

मग दुसरी तक्रार. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, तिथून घांघरियापर्यंत काकू खेचरावर गेल्या, घांघरिया म्हणजे पार्काखालचं मुक्कामाचं गाव, साधारण ३००० मीटर उंचीवर, त्यात गुडघे दुखतायत. दुसऱ्या दिवशी कळलं की पार्कात खेचर सोडतच नाहीत. कंडीत, म्हणजे माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत, बसायला काकू तयार नाहीत. "माणसाच्या पाठीवर मी बसू?" त्या चेकपोस्टपाशी चार तास बसून राहिल्या आणि काका एकटे आत गेले. आत मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे उद्या परत बघू वगैरे प्रकारच नाही, पुन्हा खालून चढायचं.

मी मान खाली घालून ऐकत होतो तेवढ्यात काकूच काकांवर घसरल्या. "अहो, मे महिन्यात कासला कधी गेलो होतो का आपण? काळा कातळ बघायला? तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते काय उगाच?" मला हसू आलं, कारण त्या फोटोतली गुलाबी फुलंसुद्धा हिमालयातल्या तेरड्याचीच, ऑगस्टमधली.

काका जरा नरमले आणि मोबाईल काढला. फोटोत राखाडी बर्फ, खाली पुष्पावती नदीचं पाणी, सगळीकडे मातकट पिवळं गवत. एकाच फोटोत बर्फाच्या कडेला, ओल्या मातीत, बोटभर देठावर जांभळ्या फुलांचा गेंद. "हे काय?" मी मोठं करून बघितलं, प्रिम्युला. बर्फ सरकला की हीच आधी उगवते. काकांनी खिशातून डायरी काढली, स्पेलिंग विचारून लिहून घेतलं आणि पुढे तारीख टाकली.

पैसे पूर्ण परत मिळणार नव्हते, काकूंच्या पार्क तिकिटाचे आणि थोडे वरचे एवढेच साहेबांकडून काढता आले. काकांनी पावती दोनदा वाचली. संध्याकाळी मी जूनच्या पानावरून तो गुलाबी फोटो काढला आणि काकांना मेसेज टाकला, तुमचा प्रिम्युलावाला फोटो वापरू का? पाच मिनिटांत उत्तर आलं: "वापरा. खाली तारीख टाका."