मामांच्या मानेवरची गाठ

आनुवंशिक आजाराच्या पेशंटची वंशावळ काढताना मी मामा-मावशांपर्यंत जातेच. त्या दिवशी आजीच्या भावापर्यंत जावं लागलं.

पेशंट पस्तिशीचा. मानेत कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो तिथली गाठ काढलेली, रिपोर्ट पॅरागँग्लिओमा, म्हणजे मज्जातंतूंशी जोडलेल्या पेशींची गाठ. एसडीएचडी जनुकात दोष सापडला. मोठ्या बहिणीलाही तोच दोष, शिवाय एमआरआयमध्ये छोटी गाठ. आईची चाचणी निर्दोष. म्हणजे वडिलांकडून आलेलं. पण ते ऐंशीपर्यंत ठणठणीत जगले होते.

"ह्यांच्या घराण्यात कुणाला काही नव्हतं हो," आई म्हणाली. मग, "ह्यांच्या मामांच्या मानेवर तेवढी गाठ होती. सगळे गलगंडच म्हणायचे."

कोडं तिथेच सुटलं.

एसडीएचडी जनुकापासून बनणारं ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठी रोखणारं, प्रथिन मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या ऊर्जाघरात, काम करतं. ते बंद पडलं की सक्सिनेट हे ऊर्जा बनवतानाचं मधलं रसायन साचतं आणि ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी तो संपल्यासारखी वागते. कॅरोटिडच्या त्या फाट्यावरच्या इवल्या अवयवाचं, कॅरोटिड बॉडीचं, तर कामच रक्तातला ऑक्सिजन जोखायचं! कर्करोग-संशोधक नुडसन यांनी १९७१ साली मांडलं तसं, अशा जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरी शाबूत असेतो निभतं. एसडीएचडीची खोड मात्र विचित्र. दोष वडिलांकडून आला तर गाठी. आईकडून आला तर जवळजवळ कधीच नाही. गाठीच्या पेशींतून आईकडचं अकरावं गुणसूत्र अख्खं गळतं, त्याबरोबर चांगली प्रत जाते आणि फक्त आईकडच्या प्रतीतूनच चालणारं, वाढ रोखणारं आणखी एक जनुकही जातं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मामांना तो दोष त्यांच्या वडिलांकडून मिळाला असणार. पेशंटच्या वडिलांना आईकडून, म्हणून ते वाचले.

"म्हणजे माझा मुलगा सुटला?" बहिणीने विचारलं.

तो बहुधा सुटला. पण दोष त्याच्यात उतरला असेल तर पुढे त्याच्या मुलांना धोका. सज्ञान झाल्यावर त्याने चाचणीचं ठरवावं, असं मी सांगितलं. भावाच्या बारा वर्षांच्या मुलीसाठी थांबून चालणार नव्हतं. शक्यता निम्मी. दोष निघालाच तर दरवर्षी रक्तदाब नि मेटानेफ्रिन (अशा गाठींतल्या संप्रेरकांची तपासणी), दोन-तीन वर्षांनी एमआरआय.

भाऊ काही बोलेना. बायकोने मोबाइलमध्ये तारखा पाहिल्या. "तिची परीक्षा सोमवारी संपतेय. मंगळवारी आणू?"

मंगळवारी माझी ओपीडी नसते. या म्हटलं.