परवानगीचं पत्र आणि हुकलेला तेंदू

पीएचडीला इतकी वर्षं लागली म्हटलं की लोक मान डोलावतात. त्यातलं एक वर्ष दोन ओळींच्या पत्रापायी गेलं म्हटलं की हसतात. मला अजून हसू येत नाही.

विषय सरळ होता. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा तेंदू (विड्या वळायची पानं) स्वतः विकतात, तर त्या पैशाचं घराघरात काय होतं? २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे तेंदू, बांबू, मोहासारख्या गोष्टींवर, लोकांची मालकी मानली. २००९मध्ये तिथल्याच मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला. प्रवेश, मार्गदर्शक, आराखडा सगळं सुरळीत झालं.

मग विद्यापीठाच्या समितीने शेरा मारला: वनविभागाचं परवानगीपत्र जोडा.

कार्यालयात पहिल्यांदा गेले तेव्हा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला बाबूंनी अर्ज वाचला. ‘मॅडम, प्राणी मोजणार?’ नाही. ‘झाडं?’ नाही. ‘नमुने नेणार?’ नाही, माणसांशी बोलणार. ‘मग परवानगी कशाची देऊ?’ म्हटलं, लागत नाही असं लिहून द्या. तसं लिहायची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती! अर्ज वर गेला, अभिप्रायासाठी खाली आला, पुन्हा वर गेला. मध्येच ‘असा अर्ज आलाच नाही’ हेही ऐकलं. (पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली. त्याशिवाय टेबल सोडू नका.)

तोवर मे उजाडला. तेंदूचा हंगाम जेमतेम पंधरवड्याचा. अंधारात रानात जायचं, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, मोजून द्यायचे. हे नंतर विचारून कळत नाही, तिथे असावंच लागतं. मी होस्टेलवर पंख्याखाली फोनची वाट बघत होते.

शेवटी माहिती अधिकारात विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तराऐवजी थेट पत्रच आलं. ‘या कार्यालयाची हरकत नाही.’ तारीख जूनची. हेच फेब्रुवारीत सुचायला हवं होतं. मे गाठायचा असेल तर आदल्या दिवाळीआधीच अर्ज टाका.

आणि आधी ग्रामसभेत जा. मी उलटं केलं. तिथले प्रश्न समितीपेक्षा अवघड होते: कुणाची कमाई किती, हे नावानिशी छापणार का? लिहिलेलं आम्हाला परत येऊन सांगणार का? एका बैठकीत चर्चा झाली, रजिस्टरात ठराव लिहिला, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे.

पुढच्या मेमध्ये मीही पुडा बांधला. फळीवरच्या मुन्शींनी मोजून परत केला. पानं चार कमी होती. कारण तरी तिथल्या तिथे कळलं.